दाणेवालीची थिरथिरी

आमच्या गल्लीत सगळी दुकानं पाखरांची, माझं एकट्याचं किल्ल्यांचं. पिंजऱ्यांना कुलपं लागतात म्हणून मी इथे येऊन बसलो असं लोकांना वाटतं. खरं तर गाळा रिकामा होता, एवढंच. माझ्या अगदी समोर दाणेवालीचं दुकान. गल्ली इतकी अरुंद, की मी कानस चालवली की तिच्या फळीवरचे डबे वाजायचे, आणि ती बोलायला लागली की माझ्या किल्लीचा दात चुकायचा.

ती दिवसभर बोलायची. गिऱ्हाइकाशी, पाखरांशी, बाजरीतल्या खड्यांशी, आणि कुणीच नसलं तर माझ्याशी. राळे, बाजरी, सूर्यफुलाच्या बिया, कोंड्याच्या डब्यात वळवळणाऱ्या अळ्या असं सगळं ती विकायची, आणि दारावर टांगलेल्या पिंजऱ्यांतली लहानसहान पाखरंही. पिंजरे तिच्या नवऱ्याच्या हातचे. तो आत, मागच्या अंधाऱ्या पट्टीत, पायाच्या अंगठ्यात तार अडकवून पक्कड चालवत बसलेला असायचा. त्याचा आवाज गल्लीत फारसा कुणी ऐकला नव्हता. नवीन गिऱ्हाईक दबकत विचारायचं, मालकांना बोलता येत नाही का? ती म्हणायची, "येतं की. माझं संपायची वाट बघतायत." आत पकडीचा आवाज जरासा थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. तेच त्याचं हसणं.

थंडी पडली की डोंगराकडून एक पाखरं धरणारा माणूस झाकलेल्या टोपल्या घेऊन यायचा. त्यात थिरथिऱ्या असायच्या. मुठीत मावेल एवढं पाखरू, अंगानं मळकट, पण शेपटी अशी, की निखाऱ्यावर नुकतीच कुणी फुंकर मारलीय. आणि ती शेपटी कधी म्हणून स्थिर नाही. नुसतं बसलं तरी थिरथिर, मान वळवली तरी थिरथिर. त्यावरून नाव पडलं. घोटाळा असा, की लाल शेपटीचं जे म्हणून लहान पाखरू असेल त्याला आमच्या गल्लीत थिरथिरीच म्हणतात. एक काळसर, बारीक चोचीची. ती फक्त किडे नि अळ्या खाते. एक जाड चोचीची, ती दाणे फोडते. एक ओढ्याकाठची, तिला वाहतं पाणी लागतं, पिंजऱ्यात तिचं फार दिवस निभत नाही. या एकमेकींच्या कुणी लागत नाहीत. शेपटी लाल, म्हणून नाव एक.

दाणेवाली नवी लग्न होऊन दुकानात बसायला लागली, तेव्हा तिनं एका बाईला बारीक चोचीची थिरथिरी दिली आणि सोबत राळ्यांची पुडी बांधून दिली. ती बाई काही दिवसांनी परत आली, पाखरू रुमालात गुंडाळून. वाटी काठोकाठ भरलेली होती, म्हणाली, आणि हे वाटीसमोर उपाशी मेलं. भांडायला आली नव्हती बिचारी. आमचं काय चुकलं, एवढंच तिला हवं होतं. दाणेवालीच्या ते जिव्हारी लागलं. पुढे जन्मभर, 'एक थिरथिरी द्या' म्हणत कुणी आलं की ती आधी विचारायची, "कोणती?" गिऱ्हाईक म्हणायचं, थिरथिरी म्हणजे थिरथिरी, त्यात कोणती काय? मग तिची गाडी सुटायची. "माझ्या नवऱ्याचं नि तुमच्या नवऱ्याचं नाव एकच निघालं, तर चुकून माझा घरी न्याल का?" बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या, आणि कुणाला काय भरवायचं ते पाठ करून मगच पायरी उतरायच्या.

तो दिवस साधाच होता. दुपार, गल्ली सुस्तावलेली. ती बाजरी चाळत होती आणि मला तिच्या मावसबहिणीच्या शेजारणीची हकिकत सांगत होती. हकिकत अगदी रंगात आली होती. मध्येच ती थांबली. मला वाटलं, नाव आठवतेय. मी कानस चालवतच राहिलो. मग चाळणी पडली. वर बघतो तर बाजरी फरशीभर पसरलेली आणि तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली. मी गल्ली ओलांडेपर्यंत तिचा पिंजरेवाला नवरा तिच्यापाशी पोहोचला होता. नंतर तो मला म्हणाला, चाळणीचा आवाज त्यानं ऐकलाच नाही. ती गप्प झाली, म्हणून तो उठला होता.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी कापडाच्या कारखान्यात नोकरीला होती, ती धावत आली. दाणेवाली बरेच दिवस दवाखान्यात नुसती छताकडे बघत पडून होती. मग एका सकाळी लेक तिचं तोंड पुसत असताना ती अगदी स्वच्छ म्हणाली, "थिरथिरी."

लेकीला रडू फुटलं. बाबांना, नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईला, सगळ्यांना ती सांगून आली की आई बोलली. तिला वाटलं, आईला दुकानाची आठवण झाली. पण पाणी पाजलं तेव्हाही आई म्हणाली थिरथिरी. सुई टोचली तेव्हा कळवळून थिरथिरी. भेटायची वेळ संपली आणि मी निघालो, तेव्हा माझ्याकडे बघून, निरोप द्यावा तसं, थिरथिरी.

डॉक्टरांनी बापलेकीला बसवून नीट समजावलं. तिला बहुतेक सगळं कळतं, तिला सांगायचंही असतं, पण शब्दांची बाहेर यायची वाट बुजली आहे. एक शब्द तेवढा मोकळा राहिलाय, आणि आता प्रत्येक गोष्ट तोच शब्द पांघरून बाहेर येतेय. हाच शब्द का, हे सांगता येत नाही. सुधारेल का, हेही नाही.

बोलायला शिकवणारी एक मुलगी चित्रांचे पत्ते घेऊन यायची. कप, कंगवा, कुलूप. थिरथिरी, थिरथिरी, थिरथिरी. आपलं चुकतंय हे दाणेवालीला समजत होतं, तेच बघवत नव्हतं. शब्द निसटला की ती स्वतःच दचकायची, कुणी भलतंच आपल्या तोंडून बोलून गेल्यासारखी. डोळे गच्च मिटायची, ओठ जुळवायची, घशातून काहीतरी वर ओढायची, आणि पुन्हा तेच. काही दिवसांनी तिनं पत्ते बघायचंच सोडलं. मुलगी आली की भिंतीकडे तोंड करायची.

घरी आणली ती दुकानाच्या वरच्या खोलीत. जिना उभा. खुर्चीत बसवून मी खालून आणि पिंजरेवाल्यानं वरून, असं तिला चढवलं. पूर्वी याच जिन्यावरून ती दाण्याचं पोतं पाठीवर घेऊन, शिवाय मला दोन टोमणे मारत जायची. त्या दिवशी ती खुर्चीचा हात घट्ट धरून खाली बघत होती, आणि तिचा पाय प्रत्येक पायरीला आपटत होता.

लेक रजा वाढवून राहिली. जिद्दीची पोर. आईवरच गेलेली. तिनं ठरवलं, आईला बोलती करायची. पाण्याचा कप आईसमोर धरायची, पण हातात द्यायची नाही. आधी 'पाणी' म्हण, मग देते. आई म्हणायची थिरथिरी. तसं नाही आई, पा-णी. थिरथिरी. रोज सकाळ-संध्याकाळ हे चालायचं, माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायचं. एकदा आईनं डाव्या हातानं तो कप असा भिरकावला की भिंतीवर आपटून फुटला. पिंजरेवाला तेव्हा खिडकीत तार सरळ करत बसला होता. तो उठला, दुसरा कप भरला, तिच्या ओठाला लावला आणि लेकीला म्हणाला, "तिला पाणी हवंय. शब्द तुला हवाय."

लेक जिना उतरून खाली आली आणि माझ्या स्टुलावर बसली. बराच वेळ किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "काका, ती मलाही तेच म्हणते आणि त्या संडासाच्या भांड्यालाही तेच म्हणते. एकदा तरी माझं नाव घेईल असं वाटलं होतं." मी तिच्यासाठी चहा मागवला. दोन दिवसांनी रजा संपली आणि ती गेली.

मग पिंजरेवाल्यानं एक केलं. वरची खुर्ची खाली आणली आणि दाणेवालीला रोज सकाळी माझ्या मदतीनं उतरवून दुकानात, तिच्या नेहमीच्या जागी बसवायला सुरुवात केली. स्वतः गल्ल्यावर उभा राहिला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर दिली नव्हती, त्याला आता दिवसभर बोलणं भाग होतं. सुरुवातीला घाम फुटायचा त्याला. भाव सांगताना आवाज चिरकायचा. पण खरं बोलणं तो शिकला ते तिच्यामुळे. ती थिरथिरी म्हणाली की तो विचारायचा, पाणी? पंखा? उशी सरळ करू? पाय दुखतोय? ऊन येतंय? बरोबर लागलं की ती डाव्या हातानं मांडीवर थाप मारायची. हळूहळू त्याला आवाजावरून कळायला लागलं. लांबट थिरथिरी म्हणजे पाठ अवघडली. तुटक म्हणजे कुणीतरी दाणे मोजताना चुकतंय. हळू आणि खाली बघत म्हणजे वर घेऊन चला, लवकर.

मी एकदा समोरून ओरडलो, "वहिनी, तुमचं संपलं वाटतं, यांचा नंबर लागला." बोललो आणि जीभ चावली. पण ती हसली. हसणं तिचं जसंच्या तसं होतं, सगळं अंग हलवून. नवरा लाजून पिंजऱ्याआड गेला.

कधीकधी दुपारी ती माझ्याकडे बघून लांबलचक काहीतरी बोलायची. शब्द एकच, पण चढ-उतार सगळे जुनेच, भुवया, हाताचे हेलकावे, मध्येच आवाज खाली आणून, मग एकदम वर. पिंजरेवाला लगबगीनं यायचा. औषध? चहा? जायचंय? ती मान हलवायची आणि गप्प व्हायची. मीही हसून मान डोलवायचो आणि कानस उचलायचो.

थंडी आली. टोपलीवाला आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं नेहमीप्रमाणे टोपलीचं झाकण उघडलं, एक पाखरू छोट्या पिंजऱ्यात सोडलं आणि तिच्यासमोर ठेवून विचारलं, "काय बाई, काय आणलंय बघा." बारीक चोचीची होती. शेपटी नुसती पेटलेली. दाणेवालीनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "थिरथिरी."

गल्लीत त्या वेळी पाच-सहा जण होते. कुणीतरी टाळी वाजवली. बरोबर बोलली, बरोबर बोलली, असा गलका झाला. मीही उठून उभा राहिलो, उगीच खोटं का सांगू. पिंजरेवाल्याचा चेहरा असा उजळला, की जणू आता पुढचे शब्द रांगेनं येणारच. ती मात्र आमच्या सगळ्यांकडे बघत होती. मग तिचा चेहरा आक्रसला आणि ती मोठमोठ्यानं रडायला लागली. इतक्या महिन्यांत ती अशी रडली नव्हती. तो शब्द काही तिनं आणलेला नव्हता. तो नेहमीसारखाच निसटला होता, आणि समोर योगायोगानं तेच पाखरू होतं. हे आमच्यातल्या कुणाला नाही, तिला एकटीलाच कळलं होतं. तिनं डाव्या हातानं मांडीवरची चादर ओढली आणि पिंजऱ्यावर टाकली.

पिंजरेवाल्यानं टोपलीवाल्याला सांगितलं, आमच्याकडे आता थिरथिऱ्या आणू नका. तो टोपल्या घेऊन पुढच्या दुकानात गेला. तिथल्या पिंजऱ्यांत त्या लाल शेपट्या हलताना इथून दिसायच्या, म्हणून पिंजरेवाल्यानं तिची खुर्ची फिरवली.

यानंतर ती कमी बोलायला लागली. तोच शब्द, पण तोही जपून वापरायची. फोनवर लेक रोज संध्याकाळी बोलायची, आईच्या कानाला फोन लावला जायचा, आणि आई ऐकायची फक्त. लेक पलीकडून आपलं सगळं सांगायची, आज कारखान्यात काय झालं, घरमालकीण काय म्हणाली. कधी आई एकदाच थिरथिरी म्हणायची. लेक म्हणायची, हो आई.

थंडी सरत आली होती. एका सकाळी तिनं खाली यायला नकार दिला. नवऱ्याची बाही धरली आणि म्हणाली, थिरथिरी. त्यानं विचारलं, पाणी? नाही. पाठ? नाही. लेकीला फोन? नाही. मग तो एकामागून एक विचारत गेला. औषध, देवघरातला दिवा, नळ, कोंड्याचा डबा, दुकानाची किल्ली, तिची बहीण, पेटीतले कपडे. ती प्रत्येक वेळी मान हलवायची, बाही ओढायची आणि पुन्हा म्हणायची, जरा सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं. त्यानं पेटी उघडून एकेक वस्तू तिच्यासमोर धरली. नाही. खिडकीकडे बोट केलं, नाही. छातीवर हात ठेवून विचारलं, दुखतंय का? नाही. दुकान त्या दिवशी उघडलंच नाही. दुपारी त्यानं मलाही वर बोलावलं, म्हणाला, तुम्ही बघा बरं, तुमच्याशी ती फार बोलायची. मीही माझ्या परीनं विचारून पाहिलं. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि रागावली नाही. शेवटी तिनं नवऱ्याची बाही सोडली. त्याचा हात थोपटला. आणि एकदा, अगदी हळू, थिरथिरी म्हणून डोळे मिटले. भांडण मिटवताना माणूस जसं म्हणतं ना, जाऊ दे, तसं.

त्याच आठवड्यात दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यापर्यंतही पोहोचलो नाही.

लेक आली. सगळं उरकलं. माणसं पांगली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी वर गेलो, तर बापलेक खोलीत बसले होते, आणि पिंजरेवाला तिला ती सकाळ सांगत होता. काय काय विचारलं, कशाकशाला ती नाही म्हणाली, सगळं. त्याच्या डोक्यात तेच फिरत होतं. जिन्यात, नळावर, मध्येच थांबून तो स्वतःशी म्हणायचा, भिंतीवरचं घड्याळ नाही विचारलं. चष्मा नाही विचारला.

लेक बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तिला काही हवं होतं असंच कशावरून? ती काही सांगत असेल."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे हात मांडीवर होते, तारेनं चिरा पडलेले, काळे. मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "मी सगळे दिवस हवं-नको विचारत राहिलो. सांगत असेल, हे माझ्या मनातच आलं नाही." आणि थोड्या वेळानं, "ती आयुष्यभर सांगतच तर होती."

लेक उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. मला दुपारी माझ्याकडे बघत केलेले तिचे ते हाताचे हेलकावे आठवले. खाली दारावर कुणीतरी दाण्यासाठी हाका मारत होतं, मी जाऊन त्यांना उद्या यायला सांगितलं.

लेकीनं त्याला आपल्याकडे चला म्हणून पुष्कळ सांगितलं. तो नाही म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, पाखरं उपाशी राहतील. तेही खरंच होतं.

लेक परत जायच्या दिवशी आम्ही दोघे तिला बसपर्यंत सोडायला गेलो. बॅग मी घेतली होती, कारण त्याचे हात बोलण्यात गुंतले होते. सबंध वाटभर तो लेकीला सांगत होता. तिची आई लग्न होऊन आली तेव्हा जिन्यात कशी घसरली आणि त्याचाही दोष त्यालाच कसा दिला. लेक झाली त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बोलावून बोलावून ती बाळ कसं दाखवत होती. लेक मान खाली घालून ऐकत चालली होती. बापाचं इतकं बोलणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. बसमध्ये चढून ती खिडकीपाशी बसली. खिडकीची काच उघडेना, तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिली. गाडी सुरू झाली. पिंजरेवाला खाली उभा राहून बोलतच होता, बसबरोबर चार पावलं चाललाही. आतून तिला काही ऐकू येत नसणार. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि मान हलवून हो, हो म्हणत होती.

बस वळली. आम्ही परत आलो, आणि त्यानं दुकान उघडलं.